क्षितिजावर उगवेल तेच लग्न

बाळ, पत्रिकेच्या वह्या आता तुझ्याकडं आल्या. निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज इथली पत्रिका करायला तुला माझी गरज नाही. पण गिऱ्हाईक बदललंय. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिणाऱ्याचा नातू पुण्या-बेंगळुरूहून पुढं स्टॉकहोमला जातो. सुनेचं बाळंतपण ऑस्लोत नाहीतर हेलसिंकीत होतं, एखादीचं थेट ट्रोम्सोत. इथली आजी कागदाच्या चिठोऱ्यावर वेळ आणि गाव लिहून आणते, तू मोबाइलवर आकडे भरतोस आणि कुंडली हजर. ती छापायच्या आधी काय तपासायचं, ते सांगून ठेवतो. फलिताचं इथं बोलत नाही. फक्त लग्न कसं ठरवायचं आणि कधी ठरवायचं नाही, एवढंच.

१. गाव कळलं की आधी अक्षांश बघ

जन्मवेळ नंतर. निपाणी १६ अंश २४ कलांवर आहे, बेळगाव १५ अंश ५१ कलांवर. आपली सगळी सवय या पट्ट्यातली. लंडन साडेएक्कावन्न, स्टॉकहोम ५९ अंश २० कला, ऑस्लो ५९ अंश ५५ कला, हेलसिंकी ६० अंश १० कला, रेकयाविक ६४ अंश ९ कला. त्यापुढं फिनलंडचं रोव्हानिएमी साधारण साडेसहासष्ट, स्वीडनचं किरुना ६७ अंश ५१ कला आणि नॉर्वेचं ट्रोम्सो ६९ अंश ३९ कला.

यात एक सीमा, म्हणजे ध्रुववृत्त, लक्षात ठेव: ६६ अंश ३४ कला. नव्वदातून सूर्याची परमक्रांती, म्हणजे २३ अंश २६ कला, वजा केलीस की ती मिळते. तिच्या अलीकडं बाराही राशींना लग्न होता येतं. मात्र साठाच्या आसपासपासून पुढं काही राशी फार भराभर सरतात आणि काही सरता सरत नाहीत. सीमेपलीकडं राशींचे काही अंश, आणि आणखी पुढं काही अख्ख्या राशी, लग्नी येतच नाहीत. सामान्य, नाजूक आणि अवघड असे तीन पट्टे कर आणि पत्रिका कुठल्या पट्ट्यातली ते वहीच्या कडेला आधी लिही.

गाव विचारताना राहतं घर कुठलं ते विचारू नकोस, बाळंतपण कुठं झालं ते विचार. स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येनमध्ये राहणाऱ्या बाईला बाळंतपणासाठी आधीच मुख्य भूमीवर पाठवतात, कारण तिथल्या दवाखान्यात त्याची सोय नाही. घरचा पत्ता ७८ अंशांवरचा आणि जन्म ६९ वरचा, असं होऊ शकतं.

२. लग्न ही आकाशातली गोष्ट आहे

तवंदी घाटाच्या माथ्यावर पहाटे उभं राहून पूर्वेकडं बघ. सूर्य, चंद्र, ग्रह ज्या वाटेनं जातात ते क्रांतिवृत्त आपल्याकडं क्षितिजातून बरंच उभं वर येतं. त्या वाटेचा जो अंश आत्ता पूर्व क्षितिजाला लागलाय, तो लग्न. पुढचा अंश तीन-चार मिनिटांत येतो आणि हा क्रम दिवसभर न चुकता चालतो. म्हणून आपल्याला वाटतं की लग्न म्हणजे घड्याळाचा काटा.

उत्तरेला जाशील तसं ते क्रांतिवृत्त क्षितिजाकडं कलत जातं. दिवसातल्या काही वेळी ते बऱ्यापैकी उभं असतं, काही वेळी जवळजवळ आडवं पडतं. बरोबर ६६ अंश ३४ कलांवर रोज एक क्षण असा येतो की सगळं क्रांतिवृत्त क्षितिजावर पसरतं. तेव्हा सांपातिक काल, म्हणजे ताऱ्यांच्या फेऱ्यावर मोजलेली स्थानिक वेळ, १८ तास असतो. त्या क्षणी बाराही राशी एकदम क्षितिजावर असतात आणि लग्न असा एक बिंदू दाखवताच येत नाही. दोष गणिताचा नाही, आकाशच तसं आहे. हे डोळ्यांपुढं आणता आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

३. एकदा पलभेनं करून बघ

मोबाइल आकडा देतो, पण तो आकडा कुठं मोडतो ते सांगत नाही. जुनी रीत ते सांगते. विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची सावली ती पलभा. निपाणीची पलभा साडेतीन अंगुळं. तिला १०, ८ आणि १० च्या तिसऱ्या हिश्शानं गुणलंस की चरखंडं येतात: ३५, २८ आणि १२ पळं. ग्रहलाघवातले लंकोदय, म्हणजे विषुववृत्तावरचे राशींचे उदय, तुला पाठ आहेत: २७८, २९९, ३२३. गणेश दैवज्ञांनी कोकणातल्या नांदगावी बसून १५२० च्या सुमारास लिहिलेला तो ग्रंथ आपल्या सगळ्या जुन्या पंचांगकर्त्यांचा आधार होता. वजा कर, मग उलट क्रमानं मिळव. मेष २४३ पळं, वृषभ २७१, मिथुन ३११, कर्क ३३५, सिंह ३२७, कन्या ३१३. बेरीज १८०० येते, म्हणजे तीस घटी. तुळेपासून हेच आकडे उलटे. हे सायन, म्हणजे संपातापासून मोजलेल्या, राशींचे उदय आहेत, ते विसरू नकोस. पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा आपल्याकडं सर्वांत चपळ राशीलाही सत्त्याण्णव मिनिटं लागतात आणि सर्वांत मंद राशीला दोन तास चौदा मिनिटं.

आता ट्रोम्सोची पलभा काढ. १२ अंगुळांच्या शंकूची सावली ३२ अंगुळांच्या वर जाते. पहिलं चरखंड ३२३ पळं. मेषेच्या २७८ मधून ३२३ वजा जातील कसे? उत्तर उणे येतं. तिथंच थांब. हे गुणक आपल्यासारख्या कमी पलभेच्या गावांसाठी आहेत, तेव्हा तिथले नेमके आकडे या रीतीनं काढू नकोस. पण उणे चिन्हाची खूण खरी आहे. त्रिकोणमितीनं केलंस तरी तिथली मेष उणेच येते, आणि उणे उदय म्हणजे ती रास उलट्या क्रमानं उगवते. आणखी पुढं गेलास की चरज्या त्रिज्येहून मोठी होते. तसं झालं की समज, तो अंश तिथं उगवतही नाही आणि मावळतही नाही.

४. भास्कराचार्यांचे दोन आकडे पाठ कर

कुणी म्हणेल की आपल्या शास्त्रकारांना असले प्रदेश ठाऊकच नव्हते. त्याला सिद्धान्तशिरोमणीचा गोलाध्याय दाखव. ग्रंथ ११५० सालचा. त्यात भास्कराचार्य सांगतात की ६९ अंश २० कला अक्षांशावर धनू आणि मकर कधी दिसत नाहीत, आणि मिथुन-कर्क कायम वर असतात. ७८ अंश १५ कलांवर वृश्चिकेपासून कुंभेपर्यंत चार राशी दिसत नाहीत.

आता नकाशा उघड. ट्रोम्सो ६९ अंश ३९ कला. लाँगइयरब्येन ७८ अंश १३ कला. त्यांनी केवळ गोलगणितावरून काढलेल्या आकड्यांच्या अगदी जवळ आज माणसं राहतात, दुकानं-शाळा चालतात. त्याच बेटांवर नी-ऑलसुंडला, ७८ अंश ५५ कलांवर, २००८ पासून आपलं हिमाद्री केंद्रही आहे. ते चालवणारी ध्रुवीय संशोधनाची संस्था आपल्याच शेजारी, गोव्यात वास्कोला.

भास्कराचार्यांनी परमक्रांती २४ अंश धरली, आज ती २३ अंश २६ कला आहे. म्हणून त्यांची सीमा ६६ अंशांवर आणि आपली ६६ अंश ३४ कलांवर. चौकट तीच, आकडा आजचा घ्यायचा.

५. न उगवणारे अंश सायनात मोज, मग अयनांश वजा कर

इथं पुष्कळ जण घसरतात. धनू-मकर उगवत नाहीत हे वाचून ते निरयन धनू-मकर खोडून मोकळे होतात. क्रांतीचा हिशेब संपातापासून चालतो, म्हणून हे सगळं सायन राशींचं आहे.

ट्रोम्सोचं करून बघ. नव्वदातून अक्षांश वजा केला की २० अंश २१ कला उरतात. ज्या अंशांची क्रांती याहून जास्त, ते तिथं उगवत-मावळत नाहीत. सायन ६१ ते ११९ अंश कायम क्षितिजाच्या वर, समोरचे २४१ ते २९९ कायम खाली. आता चित्रापक्षाचा अयनांश, सध्या साधारण २४ अंश १३ कला, वजा कर. निरयन वृषभेच्या पावणेसात अंशांपासून कर्केच्या पावणेपाच अंशांपर्यंतचा भाग लग्नी येत नाही. तसाच वृश्चिकेच्या पावणेसातपासून मकरेच्या पावणेपाचपर्यंतचा.

म्हणजे ट्रोम्सोत निरयन मिथुन लग्न किंवा धनू लग्न असूच शकत नाही. वृषभ आणि वृश्चिक सुरुवातीच्या थोड्या अंशांपुरती असतात, आणि मकर मात्र चांगली पंचवीस अंश लग्नी येऊ शकते. कुणी ट्रोम्सोच्या मुलाची धनू लग्नाची पत्रिका घेऊन आला, तर वाद न घालता अक्षांश-रेखांश तपास. बहुतेक वेळा मोबाइलवर दुसरंच गाव निवडलेलं असतं.

अयनांश बदलला तर ही निरयन हद्द दोन-चार अंशांनी सरकेल. टिळक पंचांगवाल्याची हद्द वेगळी येईल. आकाशातली सायन हद्द कुणाच्या अयनांशानं हलत नाही.

६. लग्न किती वेगानं पळतं, ते आधी काढ

नाजूक पट्ट्यातली गावं जास्त फसवतात, कारण तिथं लग्न असतं आणि यंत्र काही कुरकुर करत नाही. स्टॉकहोमला निरयन मीन लग्न अवघ्या अर्ध्या तासात सरतं, मिनिटाला जवळजवळ एक अंश. आपल्याकडं त्याच लग्नाला दीड तासाहून जास्त लागतो. उलट सायन सिंहेला तिथं तीन तास बारा मिनिटं लागतात. म्हणून स्टॉकहोमच्या पत्रिकेत मीन लग्न आलं तर जन्मवेळेतली तीन-साडेतीन मिनिटांची चूकसुद्धा नवमांश बदलते. तेवढीच चूक सिंह-कन्येत असेल तर काही बिघडत नाही. एकाच गावात एका पत्रिकेचा नवमांश पक्का आणि दुसरीचा डळमळीत, असं असतं.

रोव्हानिएमीचं तर बघायलाच नको. सायन मकरेच्या आरंभापासून मिथुनेच्या अंतापर्यंत सहा राशी साधारण पस्तीस-छत्तीस मिनिटांत उगवतात. त्यातही कुंभ ते वृषभ या चार राशी दोन-चार मिनिटांत आटपतात. उरलेल्या सहा राशी बाकीचा सारा दिवस घेतात. दवाखान्यात वेळ लिहितात ती मिनिटात. लिहिणाऱ्यानं घड्याळाकडं आधी पाहिलं की बाळाकडं, एवढ्यानं तिथं रास बदलते.

म्हणून रीत अशी ठेव: दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधीचं आणि पाच मिनिटं नंतरचं लग्न काढ. तिन्ही एका राशीत आली तर रास लिही, एका नवमांशात आली तर नवमांश लिही. न आली तर लिहू नकोस. छापील लग्नसारण्या बहुतेक साठाच्या आसपास थांबतात, त्यापुढं अदमासानं आकडा वाढवायचा नाही.

७. लग्न उलटं चाललं तर घाबरू नकोस

अवघड पट्ट्यात रोज एक काळ असा येतो की लग्न मागं मागं जातं. ट्रोम्सोत तो सांपातिक काल १५ तास ५५ मिनिटं ते २० तास ५ मिनिटं, म्हणजे सव्वाचार तासांच्या आतला. त्या वेळात निरयन वृषभेच्या पावणेसात अंशांपासून मेष, मीन, कुंभ आणि शेवटी मकर अशा उलट्या क्रमानं राशी उगवतात. मकरेच्या पावणेपाचला आलं की लग्न एका क्षणात समोरच्या कर्केच्या पावणेपाचवर उडी मारतं. तिथून कर्क, सिंह, कन्या, तूळ आणि वृश्चिकेचा आरंभ असा सरळ क्रम जवळजवळ वीस तास चालतो. मग पुन्हा सहा राशींची उडी आणि पुन्हा वृषभ.

उदाहरण धर. २१ डिसेंबर, ट्रोम्सो, घड्याळात दुपारचे बारा. सांपातिक काल सव्वाअठरा तासांच्या आसपास. लग्न निरयन कुंभेच्या दहा-अकरा अंशांत. अर्ध्या तासानं, साडेबाराला, लग्न मकरेच्या सोळाव्या अंशाजवळ. जुळ्या मुलांतलं पहिलं कुंभ लग्नाचं आणि दुसरं मकरेचं होईल. इथला कुणीही म्हणेल की वेळा उलट लिहिल्यात. तू म्हणू नकोस.

८. आलेला बिंदू पूर्वेला आहे ना, ते तपास

लग्नाच्या सूत्रातून दोन उत्तरं निघतात, बरोबर सहा राशींच्या अंतरावर. एक उगवणारं, दुसरं मावळणारं. आपल्या अक्षांशाला नेहमीची रीत बरोबर उत्तर उचलते. पण ध्रुववृत्तापलीकडं, त्या उलट्या काळात, तीच रीत मावळता बिंदू लग्न म्हणून हातात देते. वरच्याच उदाहरणात नेहमीच्या सूत्रानं सिंहेचे दहा-अकरा अंश येतील. सिंह तेव्हा पश्चिमेला मावळत असते.

कसोटी सोपी आहे. आलेल्या बिंदूचा विषुवांश तासांत घे आणि त्यातून सांपातिक काल वजा कर, वजा जात नसेल तर २४ मिळवून. उत्तर शून्य ते बारा तासांत आलं तर बिंदू पूर्वेला, बारा ते चोवीसात आलं तर पश्चिमेला. कुंभेच्या त्या बिंदूचा विषुवांश साडेबावीस तासांच्या जवळ. त्यातून सव्वाअठरा गेले, उरले सव्वाचार. पूर्वेला, ठीक. सिंहेचा साडेदहा. चोवीस मिळवून वजा केलंस की सव्वासोळा येतात. पश्चिमेला, म्हणजे टाक. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमधून समोरासमोरची लग्नं आली तर कुठलं नावाजलेलं ते बघू नकोस, ही वजाबाकी कर.

९. सूर्य उगवला नाही म्हणून लग्न नाही, असं नव्हे

लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’मध्ये ध्रुवाकडच्या लांब रात्रींचा आणि लांब उषेचा विचार केला, त्यामुळं आपल्या घरोघर त्या रात्रींचं कुतूहल आहे. त्यातूनच लोक विचारतात की सूर्यच नाही तर लग्न कुठलं? ट्रोम्सोत साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवत नाही आणि २० मे ते २२ जुलै मावळत नाही. त्या दिवसांतही राशी उगवतातच. सूर्य हा क्रांतिवृत्तावरचा एकच बिंदू, आणि तेव्हा तो न उगवणाऱ्या भागात बसलेला असतो, एवढंच. उलट फेब्रुवारीत सूर्य नियमानं उगवतो, तरी धनू लग्न तिथं येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेव.

अडचण होते ती इष्टघटीची. सूर्योदयच नाही तर इष्टघटी मोजणार कुठून? तिथं ती वाट सोड आणि सरळ सांपातिक कालावरून लग्न काढ. त्यासाठी घड्याळाची वेळ नीट सोलून घे. निपाणीला प्रमाणवेळेतून सुमारे साडेबत्तीस मिनिटं वजा करतोस, ट्रोम्सोला सोळा मिनिटं मिळवायची. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढं असतं. आइसलंडमध्ये तसं काही नाही.

सूर्योदयाचा अंश म्हणजेच लग्न, ही आपली तपासणीही तिथं ढिली पडते. डोळ्यांना दिसणारा सूर्योदय वातावरणामुळं लवकर होतो, आणि उत्तरेला सूर्य इतका तिरपा चढतो की त्यानं पुष्कळ मिनिटांचा फरक पडतो. त्याऐवजी मध्यान्ह धर. खऱ्या स्थानिक मध्यान्ही सूर्याचा अंश आणि दशम, म्हणजे मध्यान्हरेषेवरचा अंश, एकच. सूर्य क्षितिजाखाली असला तरी हे टळत नाही.

वाराचंही ठरवून ठेव. वारप्रवृत्तीचा विचार भास्कराचार्यांनी लंकेच्या, म्हणजे विषुववृत्तावरच्या सूर्योदयाशी जोडलाय, आणि तिथं सूर्योदय बारमाही सहाच्या आसपास असतो. म्हणून सूर्योदय नसलेल्या दिवशी मी स्थानिक सकाळी सहाला वार बदलतो. हा संकेत आहे. तो पाळलास तर पत्रिकेवर तसं लिही.

१०. भावचलिताचा हट्ट धरू नकोस

श्रीपतींच्या रीतीनं दशम आणि लग्न यांतल्या अंतराचे तीन भाग करतोस. हे श्रीपती अकराव्या शतकातले, आपल्या बुलढाण्याकडच्या रोहिणखेडचे. रीत उत्तम, पण ट्रोम्सोत सांपातिक काल १५ तास ५५ मिनिटांच्या जवळ गेलास की दशम आणि लग्न एकाच अंशावर येतात. तीन भाग कशाचे करणार? कृष्णमूर्ती पद्धतवाले प्लॅसिडसचे भाव घेतात. ते भाव अंश उगवण्या-मावळण्याच्या काळावर बेतलेले, आणि जो अंश उगवतच नाही त्याचा काळ कुठून आणायचा? ध्रुववृत्तापलीकडं ते गणित उभंच राहत नाही. यंत्र तरीही बारा आकडे छापत असेल तर ते दुसऱ्याच रीतीवर गेलेलं असतं. तिथं लग्नाची रास तो पहिला भाव, पुढची दुसरा, एवढंच ठेव.

११. चंद्राला धर

घाबरलेल्या आजीला हे पहिल्यांदा सांग. चंद्राची रास, नक्षत्र, चरण, जन्मतिथी यातलं काहीच अक्षांशावर अवलंबून नाही. तोच क्षण निपाणीत असो की ट्रोम्सोत, चंद्र त्याच नक्षत्रात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो, म्हणजे एक चरण सहा तासांचं. दहा-वीस मिनिटांनी सहसा फरक पडत नाही. पडला तर चरणाच्या काठावरच.

नावरस अक्षर, गण, नाडी, योनी, पुढं मेळापकात लागणारे गुण, विंशोत्तरीची सुरुवात, हे सगळं चंद्रावरून निघतं. म्हणजे बारशाला आजीला जे हवंय ते सगळं तू ठामपणे देऊ शकतोस. डळमळतं ते फक्त लग्न आणि लग्नावरून मोजलेले भाव. दशेचे महिने-दिवस काढताना मात्र घड्याळाची तीच काळजी घे, कारण उन्हाळी वेळेचा एक तास चुकला की तिथंही सरक येते.

१२. लग्न नसेल तर चौकोनी कुंडली काढ

सीमेवर राहण्याचा हा एक फायदा. मराठी गिऱ्हाईकाला तिरप्या रेघांची कुंडली लागते, कानडी गिऱ्हाईकाला चौकोनी. आपल्या तिरप्या कुंडलीत वरचं घर लग्नाचं, राशीचे आकडे त्यावरून फिरतात. लग्नच ठरलं नाही तर पहिला आकडा काय लिहिणार? कानडी चौकोनीत राशींची घरं ठरलेली असतात. ग्रह आपापल्या राशीत मांड आणि लग्नाची खूण करू नकोस. काही खोटं न लिहिता कुंडली पूर्ण होते. घरच्यांनी तिरपीच मागितली तर चंद्राची रास वरच्या घरात घाल आणि माथ्यावर मोठ्या अक्षरात ‘राशिकुंडली’ लिही, म्हणजे उद्या दुसरा जोशी तिला लग्नकुंडली समजणार नाही.

खाली चार ओळी नेमानं घाल: जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश, घड्याळाची वेळ आणि त्यावर उन्हाळी तास होता की नाही, सांपातिक काल, आणि कुठला अयनांश घेतला. पाचवी ओळ लग्नाची. निश्चित असेल तर राशी-अंश. नाजूक असेल तर ‘वेळेत पाच मिनिटांचा फरक धरता लग्न अमुक ते अमुक’. त्या काळात लग्न उलटं चालत असेल तर तसं स्पष्ट. ठरतच नसेल तर ‘लग्न अनिश्चित’. घरचे म्हणतील, काहीतरी एक लिहून द्या. देऊ नकोस. जे पूर्वेला उगवलेलं दाखवता येत नाही ते तुझ्या अक्षरात कागदावर यायला नको, कारण वीस वर्षांनी तो कागद घेऊन कुणीतरी स्थळ बघायला बसणार असतं.

आणि ‘लग्न अनिश्चित’ लिहिलेल्या पत्रिकेची दक्षिणा कमी घेऊ नकोस. कुणी म्हणालं, अर्धीच पत्रिका झाली, तर वजाबाकीची वही पुढं कर. त्या एका शब्दासाठी तू इतर पत्रिकांपेक्षा दुप्पट बसलेला असतोस.